फैजपूरचा आलरंग

खानदेशच्या इतिहासात लढाया, बंडे आणि जमाबंदी यांचा तपशील विपुल आहे. परंतु या काळ्या भूमीतील कापसाला वस्त्राचे आणि वस्त्राला रंगाचे रूप देणाऱ्या घरांचा वृत्तांत इतरांच्याच कागदांतून वेचावा लागतो. १६०१ साली असीरगड पडून हा प्रांत मोगलांचा सुभा झाला, त्या सुमारास अबुल फजलाने ‘आइन-इ-अकबरी’त धरणगावच्या तलम वस्त्रांची नावानिशी नोंद केली, पुढे इंग्रजांनी त्याच कसब्यात वखार घातली, तीही कापडाच्याच ओढीने. १६७५ आणि १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजांची धाड धरणगावावर आली, यावरूनही त्या पेठेच्या सुबत्तेची कल्पना येते.

ही सुबत्ता निर्माण करणारे कारखाने म्हणजे राहती घरेच होत. साळ्या-कोष्ट्यांच्या ओसरीवर कर्ता पुरुष मागावर बसे, आणि ताणा लावणे, सुताला खळ देऊन पाजणी करणे, कांड्या भरणे ही कामे बायकामुलांच्या हातून होत. सरकारचा मोहतर्फा हा कारागिरांवरचा कर चुकता केल्यावर उरेल त्यावर संसार चाले.

परंतु खानदेशी वस्त्राचा खरा टिकाऊपणा मला मागापेक्षा रंगाऱ्याच्या रांजणात अधिक दिसतो. फैजपूरचे छापील कापड आणि तेथील तांबडा व गडद निळा रंग यांची ख्याती इंग्रजी अमदानीतही कायम होती. तांबडा रंग आल नावाच्या झुडपाच्या मुळ्यांपासून निघे. काळ्या जमिनीत दोन-तीन वर्षे वाढल्यावर ते खोल खणून काढीत, आणि त्यातही बारीक मुळीला भाव अधिक मिळे. कापड तेलात व खारात पुनःपुन्हा भिजवायचे, उन्हात वाळवायचे, धुवायचे, तुरटीचे पाणी द्यायचे आणि मगच मुळीच्या भुकटीत मंद आचेवर शिजवायचे. इतके सोसलेला रंग पुढे धाग्याची सोबत सोडीत नसे. या रंगाचा जाडाभरडा खारवा तंबूच्या अस्तराला आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांना लागे, आणि त्याला वाळवी शिवत नाही असा लोकांचा समज होता.

१८६८ साली जर्मनीत ग्रेबे व लीबरमान यांनी आलेसारखाच तांबडा रंग देणाऱ्या मंजिष्ठेतील रंगद्रव्य प्रयोगशाळेत सिद्ध केले आणि कित्येक दिवसांची ही साधना डब्यातल्या पुडीने घटकेवर आणली. तत्पूर्वीच आगगाडीने विलायती कापड दाराशी आणले होते. मागाहून जळगाव, अंमळनेर, धुळे येथे गिरण्या उभ्या राहिल्या. मागावरचा माणूस गिरणीत तरी शिरू शकला. आल पिकविणारा शेतकरी आणि रंगारी यांच्या विद्येला मात्र तेथे जागा नव्हती.

डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले ग्रामीण अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली याच फैजपुरास भरले, नंदलाल बोसांनी मंडप सजविला आणि खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही मांडले गेले. खादीच्या चळवळीने चरखा घरोघर परत आणला, हे तिचे मोठे उपकार होत. परंतु आलेच्या लागवडीखाली असलेली शेते तोवर कापसाखाली गेली होती आणि ती पुन्हा आलेकडे वळली नाहीत.