तेरीज जुळली, पुढे काय?

चाचणी ही गोष्ट आम्हा वरणगावकरांना नवीन नाही. 1964 साली आमच्याकडे आयुध निर्माणी आली. तिथे बंदुकीची काडतुसं तयार होतात आणि त्यातली काही नमुन्यादाखल झाडून पाहतात. झाडलेलं काडतूस उत्तम होतं हे कळतं, पण तोवर ते संपलेलं असतं. भरताच्या वांग्याचंही तसंच. कापून पाहिलं की आत कीड नाही याची खात्री पटते, पण मग ते वांगं घ्यावंच लागतं.

माझा भाचा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. दिवाळीला आला तो मांडीवर लॅपटॉप घेऊनच बसला.

"काय करतोस रे?"

"मामा, डेटाबेसच्या कोडच्या युनिट टेस्ट लिहितोय. हॅस्केलमध्ये."

"अस्सं," मी म्हणालो. बँकेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला न समजलेल्या गोष्टीला 'अस्सं' म्हणायचा सराव असतो. पण पोरगं चिकाटीचं. त्याने मला कारकुनी भाषेत समजावलं.

हॅस्केल ही फंक्शनल जातीची भाषा. फंक्शन म्हणजे आमचा व्याजाचा तक्ता. मुद्दल, दर आणि मुदत तीच असेल तर उत्तरही तेच, मग सोमवार असो की साहेब चिडलेले असोत. शिवाय एकदा मांडलेला आकडा या भाषेत बदलत नाही. हे ऐकून मी ताठ बसलो. खाडाखोड नाही! आमच्या लेजरमध्येही चुकलेला आकडा खोडरबराने पुसत नसत. त्यावर तांबडी रेघ, वर बरोबर आकडा आणि शेजारी साहेबांची सही.

आमचं घराणं तर त्याहून जुनं. 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या पाद्रीबुवांनी गणिताचा ग्रंथ छापला. त्यात द्विनोंदी पद्धत सांगितली आणि नावे-जमेच्या बेरजा जुळतात का ते पाहा, असंही बजावलं. त्यालाच आपण तेरीज म्हणतो. संगणकवाल्यांना शहाणपण सुचायला बराच वेळ लागला. ज्या जॉन बॅकसने 1957 साली फॉरट्रान भाषा दिली, त्यानेच 1977 च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात आकडे सारखे बदलत राहण्याच्या पद्धतीवर टीका केली. 1990 मध्ये हॅस्केल आली. तिला हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं नाव आहे. त्या करीचा आपल्या आमटीशी संबंध नाही, हे मी विचारून घेतलं.

"मग अडचण कुठे आहे?" मी म्हटलं.

"डेटाबेसमध्ये."

डेटाबेस म्हणजे खातेवही. एडगर कॉड यांनी 1970 साली तिला आजच्या तक्त्यांचं रूप सुचवलं. पण वही ही बदलण्यासाठीच असते. दहा वाजता शिल्लक एक, अकराला दुसरी. तिच्यापाशी बसलेल्या फंक्शनची परीक्षा घ्यायची कशी? भाच्याने तीन वाटा सांगितल्या. पहिली, आकडेमोड वहीपासून वेगळी काढून तेवढीच तपासायची. दुसरी, खऱ्या वहीऐवजी कच्ची वही द्यायची. पण कच्ची वही भोळी असते. एकाच नंबरची दोन खाती खरी वही नाकारते, ही निमूट लिहून घेते. तिसरी वाट, खऱ्याच जातीच्या चाचणीच्या वहीत व्यवहार करायचा, निकाल पाहायचा आणि शेवटी अख्खा व्यवहार मागे फिरवायचा. वही होती तशी! काडतूस झाडायचं आणि पुन्हा पेटीत भरायचं.

"आणि सगळं जुळलं की झालं?" मी विचारलं आणि मला एक जुनी गोष्ट आठवली.

1984 च्या रंगराजन समितीच्या अहवालाने बँकांत यंत्रांना वाट करून दिली होती. तरी माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं लेजरं होतीच. दुसऱ्याच वर्षी एका बाईंची 1,840 रुपयांची पेन्शन मी त्याच नावाच्या दुसऱ्या बाईंच्या खात्यात जमा केली. आमच्याकडे पाटलांना तोटा नाही. संध्याकाळी तेरीज पैशापर्यंत जुळली, साहेबांनी चहा सांगितला. अकरा दिवसांनी त्या बाई पासबुक घेऊन आल्या. "भाऊ, एवढं बघा बरं. किराणावाला आता उधार देत नाही." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाचा क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, बेरीज जुळणं हा एक नियम झाला. दुसरा सांगायचा राहिला. ज्याची स्लिप त्याच्याच खात्यात जमा, बाकीची खाती जशीच्या तशी."

2000 साली क्लासेन आणि ह्यूज या स्वीडनमधल्या दोघांनी क्विकचेक नावाचं साधन जगापुढे मांडलं. आपण नियम सांगायचा. यंत्र वाटेल ती शंभर उदाहरणं रचून तो मोडायला बघतं आणि मोडला की उदाहरण होईल तितकं लहान करून दाखवतं. भाच्याने माझ्यासारखाच, नावावरून खातं शोधणारा प्रोग्राम लिहिला. नावं मात्र मुद्दाम चारच दिली, वरणगावाला शोभतील अशी. पहिला नियम शंभरही वेळा पास झाला. दुसरा लगेच मोडला. पडद्यावर आलं : खाती दोन, नाव एक, रक्कम 1 रुपया.

मला तेच शिकायला एका बाईंचे 1,840 रुपये आणि अकरा दिवसांची उधारी लागली होती.

त्याने नावाच्या जागी खाते क्रमांक घातला. पडद्यावर हिरव्या ओळी उमटल्या. "पास!" म्हणत त्याने चहाच्या कपाला हात घातला.

"थांब," मी म्हणालो. "अजून कोणता नियम सांगायचा राहिला ते आधी आठव. चहा आम्हीही प्यालो होतो."