पाकीट पोहोचल्याची पोच

बऱ्हाणपूरहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं देडतलाई. इथली बातमी बसने जायची. बातमीदार पाकिटावर ‘तातडीचे’ असं लिहून ते कंडक्टरच्या हाती सोपवायचा आणि पोहोचलं की नाही, हे दुसऱ्या दिवशीचा अंक हाती पडल्यावरच कळायचं. कागद मात्र आमच्याच मुलखातला. जवळच्या नेपानगरची गिरणी १९५६ मध्ये नेहरूंच्या हस्ते सुरू झाली आणि कित्येक वर्षं वर्तमानपत्राचा कागद देशात तिथेच तयार होई. त्यात आमच्या रानातली सालई होती, बांबू होता.

मी एका वर्तमानपत्रात पानं लावायला लागलो तोवर पाकिटाचं काम एफटीपीकडे, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याच्या नियमपद्धतीकडे, गेलं होतं. त्याचा पहिला मसुदा, आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे नेटवर्कच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज), हा १६ एप्रिल १९७१ चा. लिहिणारे अभय भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तेव्हा ते अमेरिकेत एमआयटीत होते. आपल्या शाळांच्या संगणकाच्या पुस्तकांत हे नाव असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्ये नियम नीट बांधून दिले. त्यांत मला सर्वांत मोलाची वाटतात ती सर्व्हरची तीन आकडी उत्तरं. ३३१ म्हणजे पासवर्ड द्या, ५३० म्हणजे प्रवेश नाही, २२६ म्हणजे फाइल पूर्ण पोहोचली. आकड्यापुढचं वाक्य माणसाने वाचायचं, आकडा यंत्राने. कंडक्टरकडून कधीच न मिळालेली पोच ती हीच!

या आकड्यांमुळेच रात्रीची पाठवणी माणसावाचून होऊ लागली. पर्ल या संगणकाच्या भाषेत ग्रॅहम बार यांची नेट-एफटीपी लायब्ररी होती, पायथन या भाषेबरोबर एफटीपीलिब आपोआप येते. उत्तर चारने सुरू झालं तर अडचण तात्पुरती. स्क्रिप्टने, म्हणजे पाठवणी करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, थोडं थांबून पुन्हा पाठवावं. पाचने सुरू झालं तर मात्र माणसाला उठवावं, तीच आज्ञा पुन्हा देऊन काही होत नाही.

दोन गोष्टी रात्रपाळीनेच पक्क्या शिकवल्या. पान नेहमी बायनरी पद्धतीने पाठवायचं. मजकुराच्या पद्धतीत ओळींच्या शेवटच्या खुणा बदलू शकतात आणि मग पीडीएफ बिघडते. दुसरी गोष्ट, फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवायची आणि २२६ आल्यावरच स्क्रिप्टने तिचं खरं नाव द्यायचं. नाहीतर पलीकडचं यंत्र अर्धवट पान उचलून छपाईची प्लेट काढायला घेतं.

एफटीपीचा दोष मोठा आहे. साध्या एफटीपीत पासवर्डसुद्धा तारेवरून उघडाच जातो. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये त्याचा आधार काढून टाकला, ते योग्यच झालं. बऱ्हाणपुरात, धारणीत, कुठेही कुणाची जुनी स्क्रिप्ट अजून साध्या एफटीपीवर चालत असेल, तर ती सगळं गुप्त लिपीत पाठवणाऱ्या एसएफटीपीवर न्या. पायथनमध्ये त्यासाठी पॅरामिको आहे. फक्त तात्पुरत्या नावाची रीत तिथेही सोडू नका.