तिष्ठणे आणि वाट पाहणे : चंदीगडच्या आपत्कालीन विभागाच्या निमित्ताने

मराठीत प्रतीक्षेसाठी ‘वाट पाहणे’ आणि ‘तिष्ठणे’ असे दोन शब्दप्रयोग रूढ आहेत. पहिल्यात येणाऱ्याच्या मार्गाकडे लागलेली दृष्टी आहे. ‘इंतजार’ या मूळ अरबी शब्दाचेही ‘नजर’ या शब्दाशी धातुसाम्य आहे. दुसऱ्यात संस्कृत ‘स्था’ धातूचे ‘तिष्ठति’ हे रूप आहे. त्यात केवळ उभे राहणे आहे. कोणी येईलच, असे गृहीत नाही. सार्वजनिक रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातील प्रतीक्षा यांपैकी कोणती, हा प्रश्न भाषेइतकाच इतिहासाचाही आहे.

भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्राथमिक, दुय्यम आणि जिल्हा अशा चढत्या पायऱ्यांची आरोग्यव्यवस्था कल्पिली होती. चंदीगडची पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था (पीजीआय) १९६२ मध्ये तत्कालीन पंजाब राज्यात स्थापन झाली, ती तज्ज्ञांचे शिक्षण, संशोधन आणि प्रगत उपचार यांसाठी. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली. त्याच वर्षीच्या कायद्यान्वये १ एप्रिल १९६७ पासून ही संस्था राष्ट्रीय महत्त्वाची ठरली. राज्याची विभागणी झाली. रुग्णांच्या वाटा मात्र चंदीगडकडेच येत राहिल्या.

पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीर येथून रुग्ण आजही या संस्थेकडे पाठविले जातात. शहरात सेक्टर १६ चे शासकीय रुग्णालय आणि १९९१ मध्ये सुरू झालेले सेक्टर ३२ चे वैद्यकीय महाविद्यालय असूनही हा ओघ टिकून आहे. खालच्या पायऱ्या दुबळ्या राहिल्या की शेवटची पायरीच अनेकांसाठी पहिला दरवाजा ठरते. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे याने जखमींचा क्रम हुद्द्यावरून न लावता जखमेच्या गांभीर्यावरून लावला. ‘ट्रायेज’ म्हणून पुढे रूढ झालेले हे तत्त्व न्याय्य असले, तरी ते केवळ क्रम ठरविते. खाटा वाढवीत नाही.

१९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी दाखल करून घेतले नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग ठरविला आणि खाटांची माहिती देणारी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था असावी, असेही सांगितले. या निर्णयाने तिष्ठणाऱ्याला वाट पाहण्याचा अधिकार दिला, असे म्हणता येईल.

तथापि, रुग्णपत्रिकेवर त्या रुग्णालयातील नोंदणीची वेळ असते. त्याआधी इतर दारांवर गेलेले तास तिच्यात क्वचितच उमटतात. ते नातेवाइकांच्या बोलण्यात, पंजाबी, पहाडी, हरियाणवी अशा निरनिराळ्या भाषांत राहतात. दप्तराबाहेरचे हे कथन टिपल्याशिवाय सार्वजनिक आरोग्याचा इतिहास अपुराच राहील, आणि हे काम तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेतले आहे.