यंत्राचे सोंग

हार्बर मार्गावर शिवडी आणि रे रोड यांच्यामध्ये कॉटन ग्रीन हे स्थानक लागते. ‘ग्रीन’ म्हणजे हिरवळ. स्थानकाबाहेर मात्र गोदामे, मालमोटारी आणि धूळ दिसते. समोरच कॉटन एक्स्चेंजची भव्य इमारत उभी आहे. नवख्या माणसाला वाटते की येथे कधीकाळी हिरवळ असणार आणि तीवर कापूस पसरत असणार. वस्तुस्थिती तशी नाही. मूळ कॉटन ग्रीन कोटात होते. सेंट थॉमस कॅथीड्रलसमोरच्या मोकळ्या मैदानात कापसाच्या गाठी रचल्या जात, म्हणून त्या मैदानाला ते नाव पडले. गाठींचा पसारा आवरेना, तेव्हा 1844 साली हा बाजार कुलाब्याला हलवण्यात आला आणि नावही त्याच्याबरोबर गेले. कोटातल्या त्या जुन्या मैदानावर पुढे एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, उभे राहिले. 1920 च्या दशकात बाजार पुन्हा उठला आणि शिवडीजवळ भराव टाकून केलेल्या जमिनीवर आला. हिरवळ कोटातच राहिली, आणि नाव तेवढे दोनदा बिऱ्हाड बदलून येथे पोचले.

याच बाजाराच्या आधाराने मुंबईत आकड्यांचा एक खेळ वाढला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईला येत आणि त्यांतल्या आकड्यांवर लोक पैसे लावत. 1960 च्या दशकाच्या आरंभी हे भाव मिळेनासे झाले. खेळ तेथेच संपायला हवा होता, पण तो संपला नाही. मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढण्याची रीत पडली आणि खेळाला ‘मटका’ हे नाव मिळाले. आकडा न्यूयॉर्कहून आला काय किंवा मडक्यातून निघाला काय, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द आणि त्यांमागचे नियम तसेच राहिले. मटक्याने किती संसार बुडवले हे गिरणगावाला सांगायला नको, आणि त्याचे उदात्तीकरण करण्याचा माझा हेतू नाही. मला त्यातला एकच मुद्दा हवा आहे. खेळ म्हणजे नियम. ते ज्या साधनावर चालतात ते साधन बदलले तरी खेळ टिकू शकतो.

हा मुद्दा मला सुचला तो कॉटन ग्रीनमधल्याच एका दहा बाय बाराच्या खोलीत. माझा एक जुना विद्यार्थी तेथे राहतो. एम. ए. मराठी करून तो आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत हिंडून सुटे भाग जमवणे हा त्याचा छंद. एका रविवारी त्याने मला आवर्जून बोलावले. दूरचित्रवाणी संचाला पत्त्याच्या जोडाएवढी एक पाटी जोडलेली होती. “सर, ओळखा पाहू,” तो म्हणाला. पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला एक राजपुत्र तळघरात उडी मारत होता. 1990 च्या दशकात संगणकाच्या शिकवणी वर्गात बसलेल्या कोणालाही तो ओळखू आला असता. तो ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ होता. जॉर्डन मेकनर याने तो रचला आणि 1989 मध्ये तो प्रथम ॲपल टू या संगणकासाठी प्रसिद्ध झाला.

ती पाटी म्हणजे ‘रास्पबेरी पाय’. इंग्लंडमधील केंब्रिज येथे मुलांना संगणक शिकता यावा या हेतूने तयार झालेला हा स्वस्त, लहान संगणक 29 फेब्रुवारी 2012 रोजी बाजारात आला. तेव्हा त्याची किंमत होती 35 डॉलर. हौशी मंडळींनी लगेच त्यावर जुने खेळ चालवायला घेतले आणि ‘रेट्रोपाय’सारखे प्रकल्प त्याच वर्षी सुरू झाले. यात एक वंशपरंपराही आहे. 1981 च्या डिसेंबरात त्याच केंब्रिजच्या एकॉर्न या संस्थेने ‘बीबीसी मायक्रो’ हा शालेय संगणक काढला होता. पायच्या पहिल्या प्रतिमानांना ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ ही नावे मिळाली ती त्याच्या स्मरणार्थ. आपल्याकडेही 1984 साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेखाली अडीचशे शाळांमध्ये संगणक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, तो याच बीबीसी मायक्रोवर. त्या यंत्राची स्मृती 32 किलोबाइट, तर पहिल्या पाय मॉडेल बीची 256 मेगाबाइट, म्हणजे 8,192 पट.

आता या पाटीवर जुना खेळ चालतो कसा ते पाहू. खेळाची आज्ञावली एका विशिष्ट प्रक्रियकाच्या भाषेत लिहिलेली असते आणि नव्या प्रक्रियकाला ती कळत नाही. म्हणून मध्ये ‘एम्युलेटर’ नावाची दुसरी आज्ञावली बसवतात. ती जुन्या यंत्राचे सोंग घेते. खेळाची एकेक आज्ञा वाचायची, जुन्या यंत्राने काय केले असते ते ठरवायचे आणि नव्या यंत्राकडून तेच करवून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. पायमधला ‘एआरएम’ जातीचा प्रक्रियकही एकॉर्नमध्येच जन्मला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो रचला आणि 1985 मध्ये तो प्रत्यक्षात आला. पण त्याआधी विल्सन यांनी त्याचे वर्तन बीबीसी मायक्रोवर, बेसिक भाषेत लिहून पाहिले होते. म्हणजे तेव्हा जुन्या यंत्राने न जन्मलेल्या यंत्राचे सोंग घेतले होते, आणि आज ते जन्मलेले यंत्र जुन्याचे सोंग घेते.

सोंग हुबेहूब वठवणे सोपे नसते. सर्वांत मोठी अडचण वेळेची. 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीचा वेग 4.77 मेगाहर्ट्झ होता आणि त्या काळातले कित्येक खेळ तोच वेग गृहीत धरून लिहिलेले होते. त्यांना मोकळे सोडले तर पात्रे पडदाभर धावत सुटतात. म्हणून ‘डॉसबॉक्स’ या एम्युलेटरमध्ये यंत्राला मुद्दाम मंद करण्याची सोय आहे. कंट्रोल आणि एफ-11 दाबले की वेग घटतो आणि एफ-12 ने वाढतो. माझा विद्यार्थी पंधरा मिनिटे हा वेग जुळवत होता. तंबोरा लावणारा माणूस जसा कानाने ठरवतो, तसे त्याने राजपुत्राच्या पावलांवरून ठरवले. ‘आता लागला,’ असे तो पुटपुटला तेव्हा मला कळले की तो यंत्राशी नव्हे, स्वतःच्या आठवणीशी पडताळून पाहत होता.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे ओळखीचा प्रश्न भेटतो. मूळ संहिता कोणती? 1989 ची ॲपलवरची, की आपल्याकडच्या संगणकवर्गांत पोचलेली 1990 ची डॉसवरची? शिवाय डॉसवरच्या मूळ प्रतीत पहिल्या पातळीनंतर एक दालन लागे. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचे पहिले अक्षर जिच्यावर असेल तीच कुपी तेथे प्यावी लागे. ज्याने खेळ विकत घेतला त्याच्याकडेच पुस्तिका, म्हणजे ही चोरीवरची कडी होती. आपल्याकडे तर पुस्तिका कोणी पाहिलेलीच नव्हती. कुलूप फोडलेल्या प्रती हातोहात फिरत, आणि कुलूप फोडणारे अनेकदा आरंभी स्वतःचे नाव झळकवत. पोथीच्या शेवटी पुष्पिका लिहून आपले नाव-गाव नोंदवणाऱ्या लेखनिकाची येथे आठवण व्हावी. भांडारकर संस्थेत सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. 1919 मध्ये आरंभिलेले ते काम 1966 मध्ये पूर्ण झाले. खेळांच्या बाबतीत हे ताडून पाहण्याचे काम आज विद्यापीठे नव्हेत, तर मुख्यतः हौशी लोक करत आहेत. 2012 साली मेकनरच्या वडिलांना ॲपलवरच्या खेळाची मूळ लिखित आज्ञावली जुन्या चकत्यांवर सापडली. ती त्या चकत्यांवरून उतरवून घेण्यासाठीही अशाच जाणकार हौशी मंडळींना पाचारण करावे लागले.

कायद्याचा प्रश्न टाळता येणार नाही. 1957 च्या आपल्या प्रताधिकार कायद्यातले कलम 52 हे संगणकीय आज्ञावलीची वैध प्रत बाळगणाऱ्याला, ती नष्ट होण्याच्या भीतीपोटी, जपणुकीची नक्कल करू देते. पण आमच्या पिढीतल्या कितीजणांकडे वैध प्रत होती? येथे मान खाली घालणे एवढेच हाती उरते. तरीही, प्रकाशकाने ज्यांना टाकून दिले अशा कित्येक खेळांचे अस्तित्व केवळ या अवैध नकलांमुळे उरले आहे, हेही नाकारता येत नाही.

आता, मराठीच्या अभ्यासकांनी या बालिश वाटणाऱ्या उद्योगाकडे का पाहावे? याचे उत्तर माझ्या पिशवीत होते. त्या रविवारी मी साडेतीन इंची तीन चकत्या बरोबर नेल्या होत्या. 1997 साली मी प्रबंध लिहिला तो त्यांवर होता. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून असली, तरी ती आपल्या टेबलांवर पोचायला पुढची दहा वर्षे गेली. तोवर प्रत्येक टंकाची स्वतःची मांडणी होती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि तो टंक हाताशी नसला की सारा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांची रांगोळी होऊन जाई. नव्या लिपीसंकेतात आणणारी रूपांतरके आहेत, परंतु ती बेभरवशाची. रूपांतरात अर्धा ‘ऱ’ हरवून त्याचा रफार झाला, की ‘आचाऱ्यास’ याचे ‘आचार्यास’ होते आणि स्वयंपाकी गुरुपदाला चढतो. मूळ पान डोळ्यांपुढे नसेल तर ही चूक पकडणार कशी?

राजपुत्रासाठी उभारलेल्या त्याच सोंगातल्या यंत्रावर माझ्या विद्यार्थ्याने विंडोज 3.1 चढवले. बाहेरून जोडायचा चकतीवाचक त्याने कोठूनसा मागून आणला होता. सुदैवाने तिसऱ्या चकतीवर टंकाची धारिकाही निघाली. पहिले प्रकरण उघडले आणि सत्तावीस वर्षांपूर्वीच्या ओळी, त्याच वळणाच्या अक्षरांत, त्याच ठिकाणी तुटलेल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या. तळटीप क्रमांक 14 मध्ये मी एका कवीचे जन्मवर्ष चुकवले होते. ती चूकही जशीच्या तशी होती. दुसरी चकती मात्र वाचक नुसता करकरत राहिला. त्या चकतीवरची तीन प्रकरणे आता विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या छापील प्रतीपुरती उरली आहेत, आणि छापताना गाळलेली टिपणे तर कोठेच नाहीत.

1990 च्या दशकात मराठीत जे लिहिले गेले, अक्षरजुळणीला गेले, नियतकालिकांच्या कार्यालयांत साठवले गेले, त्यातले किती अशा चकत्यांवर आज पडून असेल! भूर्जपत्र शतकानुशतके टिकल्याची उदाहरणे आहेत. माझी चकती तीस वर्षेही टिकली नाही. आणि चकती टिकली तरी ती वाचणारे यंत्र टिकायला हवे. ते टिकवण्याचे काम आपल्या भाषासंस्थांनी नव्हे, तर खेळापायी झोप मोडणाऱ्या मुलांनी केले, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने आणि किंचित शरमेने मान्य करावी.

निघताना विद्यार्थी म्हणाला, “सर, दुसरी चकती ठेवून जा. दुसऱ्या एखाद्या वाचकावर चालवून बघतो.” मी ती ठेवून आलो आहे. वाचकांपैकी ज्यांच्या कपाटात अशा चकत्या असतील त्यांनी त्या या आठवड्यातच बाहेर काढाव्यात, आणि जवळपास एखादा खेळवेडा राहत असेल तर त्याचे दार ठोठवावे.