बांबूचा दागिने स्टँड : भेट म्हणून बनवायचा कसा आणि टिकवायचा कसा?

बहिणीचं लग्न असो की मैत्रिणीचा वाढदिवस, हाताने बनवलेला दागिने स्टँड ही छान भेट आहे. बांबूचे असे स्टँड रील्समध्ये दिसतात तेव्हा सोपे वाटतात. पण अनेकदा काही महिन्यांतच बांबूतून पिवळसर भुकटी पडू लागते. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, समजून घेऊया.

बांबूच का?

नाशिक जिल्ह्यातला सुरगाणा हा गुजरात सीमेवरचा, भरपूर पावसाचा आदिवासी तालुका. इथल्या घरांत बांबू रोजच्या वापरात असतो. टोपल्या, सुपं, कणग्या, कुडाच्या भिंती, सगळ्यात तो दिसतो. बांबू हलका असतो, सहज चिरता येतो आणि त्याला फारशी अवजारं लागत नाहीत.

बांबू तोडायला परवानगी लागते का?

वनस्पतीशास्त्रानुसार बांबू हे गवत आहे. तरी १९२७च्या भारतीय वन कायद्यात तो 'झाड' या व्याख्येत होता. २०१७च्या दुरुस्तीने तो वगळला गेला. त्यामुळे शेतात किंवा बांधावर लावलेल्या बांबूला या कायद्याची आडकाठी राहिली नाही. जंगलातल्या बांबूला मात्र नियम लागू आहेत. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावर स्थानिक वनहक्कधारकांचा आणि गावसमाजाचा हक्क मान्य केला आहे. म्हणून फिरायला गेल्यावर जंगलातून बांबू तोडून आणू नका. शेतकऱ्याकडून किंवा कारागिराकडून विकत घ्या.

भुकटी का पडते?

बांबूत पिष्ट असतं आणि भुंग्याच्या अळ्या ते खातात. कोवळ्या बांबूला कीड लवकर लागते, त्यामुळे किमान ३ वर्षांचा, पावसाळ्यानंतर तोडलेला बांबू मागा. जुना उपाय म्हणजे बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवणं. दुसरा उपाय म्हणजे टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिडच्या साधारण ५ टक्के द्रावणात भिजवणं. हे करताना हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा. नंतर बांबू सावलीत पूर्ण वाळवा. ओला वापरला तर बुरशी येते आणि तडे जातात.

स्टँड कसा बनवायचा?

१. तळाला ३० × २० सेंटिमीटरची जड लाकडी फळी घ्या. फळी हलकी असेल तर स्टँड कलंडतो.
२. मधोमध ४० सेंटिमीटर उंच बांबू उभा करा आणि फळीच्या खालून स्क्रूने घट्ट बसवा.
३. वरच्या बाजूला आरपार भोक पाडून २८ सेंटिमीटरची आडवी काठी घाला. तिला खाचा पाडल्या की माळा घसरत नाहीत.
४. खाली १४ सेंटिमीटरची काठी समोरून मागे जाईल अशी घाला. ही बांगड्यांसाठी. २.४ मापाची बांगडी आतून साधारण ५७ मिलिमीटर असते, त्यामुळे काठी ३ सेंटिमीटरपेक्षा जाड नको.
५. लोंबत्या कानातल्यांसाठी कामट्यांची छोटी जाळी विणून वरच्या काठीला बांधा.
६. आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. कामटीची कड ब्लेडसारखी कापते. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या.

यावर काय ठेवू नये?

मोत्यांचा तन्मणी टांगून ठेवला तर दोरा ताणतो. तो मऊ कापडात आडवा ठेवावा. चांदी हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडते, दमट हवेत आणखी लवकर. रबरातही गंधक असतं, म्हणून स्टँडला रबर बँड लावू नका. सोनं कपाटातच बरं. रोजच्या वापरातल्या माळा, बांगड्या आणि इमिटेशन दागिन्यांसाठी हा स्टँड उत्तम.

स्वतः जमत नसेल तर?

बांबूकाम करणाऱ्या कारागिराला मापं देऊन करून घ्या. बांबू स्वस्त असतो, पण तो चिरणं, वाळवणं आणि घासणं यात बराच वेळ जातो. त्यामुळे घासाघीस करताना फक्त बांबूची नाही, मजुरीचीही किंमत धरा. भेट देताना चिठ्ठीत एवढं नक्की लिहा : पाण्यापासून दूर ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा.