अडाणकाठची शिरगणती

आमच्या आबांना बोरीची लोकसंख्या विचारली तर ते आकडा सांगत नसत. "कोनत्या सालची?" असं उलट विचारत. साल म्हणजे इसवी सन नव्हे. छप्पनच्या काळाआधीची की नंतरची, मानमोडीआधीची की नंतरची, असा त्यांचा हिशेब. गाव वाढतं तसं आटतंही, हे त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं होतं.

बोरी अरब हे दारव्हा तालुक्यातलं, यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचं, अडाण नदीच्या काठचं गाव. शहर म्हणावं तर नगरपालिका नाही, खेडं म्हणावं तर बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नाही. अडाण वाशीम जिल्ह्यातून येते, पुढे अरुणावतीला सोबत घेऊन पैनगंगेला मिळते. नकाशावर ती बारीक निळी रेघ आहे. आबांच्या लेखी मात्र गावाची खरी मालकीण तीच. नदीकडची काळी जमीन कोणाकडे, वरची मुरमाड बरडी कोणाच्या वाट्याला, यावरून घराची ऐपत कळायची. काळीत पऱ्हाटी आणि तूर, बरडीवर जेमतेम ज्वारी, आणि त्यापलीकडे पळस-सागाच्या अंगाने बंजाऱ्यांचे तांडे. पावसाळ्यात नदी चढली की यवतमाळ आणि दारव्हा दोन्ही एकदम परमुलूख व्हायचे. अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. आबा म्हणत, "अडान येकदा गावात शिरली म्हंजे पाहुनी राह्यत नाही, घरधनीन होते."

नावातल्या 'अरब'विषयी गावात जितकी म्हातारी तितक्या कथा. आबांची कथा अशी, की निजामाच्या फौजेतल्या कुण्या अरब जमादाराला हे गाव तैनातीपोटी मिळालं होतं. कागद मी पाहिलेला नाही. पण निजामाच्या पदरी अरब शिपाई मोठ्या संख्येने होते आणि वऱ्हाड निजामाचं होतं, या दोन गोष्टी इतिहासात पक्क्या आहेत. आपल्याकडे बोऱ्या पुष्कळ, त्यामुळे ओळखीला काहीतरी जोड लागतेच. लाख नावाचं गाव जसं रायाजीचं, तशी ही बोरी अरबाची.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्यांनी कापूस पाहिला आणि कापसाच्या मागे सगळंच आलं. मोजणी, सारा, सावकार, आगगाडी. दारव्हा तेव्हा वणी जिल्ह्यात होतं. १९०५ मध्ये पुसद त्यात आलं आणि यवतमाळ जिल्हा झाला. मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद रुळांचा फाटा १९०३ चा. किलिक निक्सन कंपनीची ती गाडी पुढे 'शकुंतला' म्हणून लाडकी झाली. जवळच्या लाडखेडला तिचं स्टेशन. कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढत आणि मुंबईमार्गे मँचेस्टरकडे जात. १९२१ साली मँचेस्टरलाच घडवलेलं वाफेचं इंजिन या रुळांवर १९९४ पर्यंत धावत होतं. आमचा कापूस नेणारी गाडी ओढायला इंजिनही तिकडचंच. व्यवहार म्हणतात तो हा.

रूळ पडायच्या तीनच वर्षं आधी छप्पनचा काळ होऊन गेला होता. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. त्याआधी १८९६-९७ चा दुष्काळ होताच. आबांच्या आईने सांगितलेलं असं, की माणसं आधी ढोरं विकत, मग घराचे वासे, मग कोणी विकत घ्यायलाच उरत नसे. हा आठवणीतला अतिरेक असेल असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. पण जुन्या जनगणनेत वऱ्हाडचे आकडे सापडले: १८९१ मध्ये २८ लाख ९७ हजार, १९०१ मध्ये २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत वाढ सोडाच, दीड लाखाच्या आसपास माणसं कमी. पणजीने वासे मोजले होते, सरकारने माणसं मोजली, गोष्ट एकच.

त्यानंतर गाव सावरलं आणि १९१८ मध्ये मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशात सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांपैकी एक. त्याविषयी आबा जास्त बोलत नसत.

ते रंगात येऊन सांगत ती १९३१ ची शिरगणती. तेव्हा मोजणी एकाच रात्री सगळ्या मुलखात होई. २६ फेब्रुवारीची रात्र. लोक घरीच सापडावेत म्हणून जत्रा-लग्नं टाळून चांदण्याच्या दिवसांतली तारीख निवडत. आबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. कोतवालाने दवंडी दिली, आज कोणी गाव सोडू नका. सगळं गाव कंदील लावून ओसरीवर बसलं आणि गणतीवाल्याची वाट पाहता पाहता पोरं झोपून गेली. झोपलेल्यांनाही मोजतात का, यावर आबांच्या आईचा आणि गणतीवाल्याचा वाद झाला म्हणे. आबा मोजले गेले की नाही याची त्यांना शेवटपर्यंत खात्री नव्हती.

१९८१ ची मोजणी मी स्वतः पाहिली. चौकटीवर गेरूचा नंबर आधीच पडलेला. शाळेतले गुरुजी फॉर्म घेऊन ओसरीवर टेकले. आजी सुपात तूर पाखडत होती. हात न थांबवता तिने नावं सांगायला सुरुवात केली ती मुंबईच्या काकांपासून. गुरुजी म्हणाले, ते इथे राहत नाहीत, त्यांना तिकडेच मोजतील. मग आत्याची पाळी आली. ती महिनाभर आधीच बाळंतपणाला आलेली आणि पुढेही राहणार, म्हणून तिचं नाव बोरीत. आजीने सूप खाली ठेवलं. "पोटचा पोरगा खोडला अन् दुसऱ्याच्या घरची सून लिवली. हे कोनतं सरकार व्हय गा गुरुजी?" गुरुजींनी चहा घेतला आणि नियमच लिहिला.

तो नियम आजही आहे. मोजणीच्या सगळ्या काळात जो गावात नाही तो गावच्या आकड्यात नाही. आणि मोजणी येते नेमकी फेब्रुवारीत. २०११ ला ती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. कापसाची वेचणी संपत आलेली असते, तांड्यावरची कुटुंबं ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेलेली असतात, शिकली-सवरली पोरं पुण्यात. त्या यादीत यवतमाळ जिल्हा २७ लाख ७२ हजारांचा भरला. बोरीचा जो आकडा त्यात आहे तो फेब्रुवारीतल्या बोरीचा. पोळ्याच्या दिवशी मोजा, गाव वेगळं भरेल.

हा काथ्याकूट निरर्थक नाही. अन्नसुरक्षा कायद्यातली रेशनची मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवर बांधलेली आहे. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा पैसा मिळतो तोही मुख्यतः डोक्यांच्या हिशेबाने. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही तारीख ठरली आहे, आणि यावेळी जातीही नोंदल्या जाणार आहेत. १९३१ नंतर सगळ्या जातींचे आकडे जनगणनेत छापले गेलेले नाहीत. बोरीच्या मंडळींना माझं एवढंच सांगणं, की २०२७ च्या फेब्रुवारीत ग्रामपंचायतीने आपली एक साधी वहीही ठेवावी. कोण कुठे गेलंय, कधी परतणार, एवढंच त्यात लिहावं. सरकारी आकड्यात ती धरली जाणार नाही, पण निधी मागायला जाताना सोबत न्यायला उपयोगी पडेल.