मुंबई सैल पडली असती तर? पुण्यातील १९४९ चा सात दिवसांचा सामना

१/१६
मार्च १९४९. पुणे. रणजी करंडकाची उपांत्य फेरी. मुंबईच्या पहिल्या डावात ६५१ धावा, त्याला महाराष्ट्राचे उत्तर ४०७. मुंबईकडे २४४ धावांची भक्कम आघाडी होती. हंगाम संपत आला होता आणि पुढे फक्त अंतिम सामना उरला होता. इतकी आघाडी मिळाल्यावर बलाढ्य प्रतिस्पर्धी हात थोडा सैल सोडतो का? या धाग्यात त्याच प्रश्नाचा इतिहास पाहू.

२/१६
मुंबईने दुसऱ्या डावात ८ बाद ७१४ धावा केल्या आणि मगच डाव घोषित केला. महाराष्ट्रापुढे लक्ष्य होते ९५९ धावांचे. आकडा पुन्हा वाचा : नऊशे एकोणसाठ, तेही चौथ्या डावात. आजच्या वाचकाला हा निर्दयपणा वाटेल. पण त्या काळातील मुंबईच्या जागी उभे राहून पाहिले, तर या ७१४ धावांमागे एक सरळ हिशेब दिसतो.

३/१६
आधी नकाशा समजून घेऊ. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये स्थापन झाले. रणजी स्पर्धा मात्र १९३४-३५ पासूनची. त्यामुळे क्रिकेटचा ‘महाराष्ट्र’ राज्याहून जुना आहे. मुंबईचा संघ वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा आणि पुणे हे महाराष्ट्राचे मुख्य केंद्र. नाशिकही क्रिकेटच्या नकाशावर याच महाराष्ट्र संघाच्या क्षेत्रात येते. बोलणारी माणसे एकाच भाषेची. चुरस मात्र सख्ख्या भाऊबंदकीची.

४/१६
या भाऊबंदकीचे उत्तम उदाहरण म्हणजे माधव मंत्री. जन्म १ सप्टेंबर १९२१, नाशिक. यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून ते मुंबईकडून गाजले, भारतासाठी चार कसोटी सामने खेळले. सुनील गावस्करांचे ते मामा. पुण्यातील त्या सामन्यात मुंबईच्या पहिल्या डावात याच नाशिककराने २०० धावा केल्या, आणि त्या महाराष्ट्राविरुद्ध.

५/१६
मुंबईला कसली भीती होती? त्यासाठी १९४०-४१ च्या हंगामात जावे लागेल. पुण्यातच महाराष्ट्राने मुंबईविरुद्ध ६७५ धावा उभारल्या. कर्णधार प्रा. दि. ब. देवधर यांच्या त्यात २४६. तेव्हा त्यांचे वय होते ४८ वर्षे! मुंबईनेही झुंज दिली : खंडू रांगणेकरांच्या २०२ धावांसह ६५०. तरीही २५ धावा कमी पडल्या आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला.

६/१६
साडेसहाशे धावा करूनही हरलेला संघ २४४ धावांच्या आघाडीकडे कसा पाहील? ‘पुरेसे’ हा शब्द त्याच्या कोशातून गेलेला असतो. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे करंडक जिंकला होता. पुढे १९४३-४४ मध्ये मुंबईने महाराष्ट्राविरुद्ध ७३५ धावा केल्या. विजय मर्चंट नाबाद ३५९. म्हणजे हात राखून न खेळण्याचा धडा दोन्ही संघांनी परस्परांकडूनच गिरवला होता.

७/१६
मुंबईची ही सवय केवळ शेजाऱ्यापुरती नव्हती. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध मुंबईला पहिल्या डावात १०२ धावांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावात मुंबईने ७६४ धावा कुटल्या, मर्चंट २७८. सी. के. नायडूंच्या होळकर संघापुढे ८६७ चे लक्ष्य होते. महायुद्धाच्या नोकरीमुळे भारतात असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९ राहिले, संघ ४९२ पर्यंत पोचला. मुंबई ३७४ धावांनी विजयी.

८/१६
जगाचा अनुभवही हेच सांगत होता. बरोबर दहा वर्षांपूर्वी, मार्च १९३९ मध्ये, दरबान येथे दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांच्यात वेळेचे बंधन नसलेली कसोटी झाली. इंग्लंडपुढे ६९६ चे अशक्यप्राय लक्ष्य होते. इंग्लंडने ५ बाद ६५४ मजल मारली आणि विजय ४२ धावांवर असताना सामना सोडावा लागला, कारण मायदेशी नेणारे जहाज निघणार होते! खेळपट्टी फलंदाजांना साथ देत असेल आणि दिवस हाताशी असतील, तर सातशेचे लक्ष्यही सुरक्षित नाही, हे तेव्हा सिद्ध झाले होते.

९/१६
आता पुण्याकडे परत येऊ. मुंबईच्या दुसऱ्या डावात उदय मर्चंट १५६ आणि दत्तू फडकर १६०. पहिल्या डावातही दोघांची शतके होती : १४३ आणि १३१. महाराष्ट्राकडून पहिल्या डावात दातार १४३ आणि मधुसूदन रेगे १३३. फडकर मूळचे कोल्हापूरचे आणि मंत्री नाशिकचे. मुंबईच्या धावांच्या डोंगरात मुंबईबाहेर जन्मलेल्यांची भर मोठी होती.

१०/१६
९५९ च्या लक्ष्यापुढे महाराष्ट्राने काय केले? पराभव जवळजवळ लिहून ठेवलेला असताना हा संघ खेळत राहिला. रेगेंनी सामन्यातील दुसरे शतक केले, बरोबर १००. शरद देवधरांनी १४६ धावा काढल्या. महाराष्ट्राचा डाव ६०४ वर संपला. मुंबई ३५४ धावांनी जिंकली. सात दिवसांत ३८ गडी बाद झाले, नऊ शतके लागली आणि एकूण धावा झाल्या २,३७६. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या एका सामन्यातील धावांचा हा विश्वविक्रम ठरला.

११/१६
आता हिशेब मांडा. महाराष्ट्राच्या चौथ्या डावात ६०४. मुंबईची पहिल्या डावाची आघाडी २४४. म्हणजे ‘आता पुरे’ म्हणून मुंबईने दुसरा डाव ३५० धावांवर घोषित केला असता, तर लक्ष्य झाले असते ५९५. महाराष्ट्राने त्याहून जास्त धावा केल्या! लक्ष्य बदलले की खेळण्याची तऱ्हाही बदलते, हे खरे; त्यामुळे निकाल असाच लागला असता असे म्हणता येणार नाही. पण हात सैल सोडणे किती धोक्याचे होते, ते या वजाबाकीतून दिसते.

१२/१६
याच हंगामात पुण्याने याच्या नेमके उलटे दृश्यही पाहिले होते. डिसेंबर १९४८, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. काठेवाड सर्वबाद २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. भांडारकरांसोबत त्यांची भागीदारी ४५५ धावांची. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विश्वविक्रम केवळ नऊ धावांनी दूर होता. विश्रांतीच्या वेळी काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी सांगितले : डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो. आणि ते निघाले.

१३/१६
काठेवाडची बाजूही समजून घ्यावी. पहिल्या डावाची आघाडी कधीच गेली होती. मैदानात राहून मिळवण्यासारखे काही उरले नव्हते, उलट विक्रमाच्या पुस्तकात बळी म्हणून नाव लागणार होते. पण त्यांच्या जाण्याची किंमत तिसऱ्याच माणसाने मोजली. निंबाळकर ४४३ वर थांबले ते कायमचेच. पुढे त्यांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली की नुकसान फक्त धावफलकाचे होत नाही.

१४/१६
असे तिसरे माणूस साखळी स्पर्धेत तर हमखास असते. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात स्पेनमधील हिहोन येथे पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाविरुद्ध सुरुवातीलाच गोल केला. १-० हा निकाल दोघांनाही पुढे नेणारा होता. मग उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे फिरवण्यात घालवला. बाहेर पडला तो आदल्या दिवशी आपले सामने संपवलेला अल्जीरिया. त्यानंतरच्या विश्वचषकापासून गटातील शेवटचे सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले.

१५/१६
रणजीतही आता साखळी आहे. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचे सामने होतात, तेव्हा प्रेक्षक धावफलकाइतकेच गुणतक्त्याकडेही पाहतात : शेवटच्या फेरीत अमुक संघ जोर लावेल का? नियमांनी त्यासाठी आमिष ठेवले आहे. निर्णायक विजयाचे सहा गुण. डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास आणखी एक. सैल पडणाऱ्याला तोटा व्हावा, अशी ही रचना. १९४९ मध्ये ते काम बाद पद्धत आणि जुन्या पराभवाची आठवण करत असे.

१६/१६
त्या हंगामात मुंबई पुढेही सैल पडली नाही. अंतिम सामन्यात बडोद्याला ४६८ धावांनी हरवून तिने करंडक घेतला. मुंबईच्या या वृत्तीला आपल्याकडे ‘खडूस’ हा नेमका शब्द आहे. पण पुण्याच्या सामन्याचा विक्रम एकट्या मुंबईचा नाही. त्या २,३७६ धावांपैकी १,०११ हरलेल्या संघाच्या आहेत. मुंबईने मध्येच दया दाखवली असती, किंवा काठेवाडप्रमाणे महाराष्ट्रानेही सामान बांधले असते, तर ६०४ धावांची ती झुंज इतिहासात नोंदलीच गेली नसती. प्रतिस्पर्ध्याला शेवटच्या चेंडूपर्यंत प्रतिस्पर्धी मानणे, हाच त्याचा खरा मान.